विहिरीपासून बावीस पावलं

रविवारी सकाळी सुजाताचा फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. "मावशी, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला आणि का कोण जाणे, आधी डाळीवर झाकण ठेवलं. माणूस अशा वेळी काय करेल याचा नेम नसतो...

सुजाताचे पप्पा म्हणजे वसंत भालेराव, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. हेंद्रेपाड्यात घर, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. मी तिथल्याच पोस्टात काउंटरवर. एकदा पाकीट चिकटवता चिकटवता म्हणाले, "ताई, तुमच्या छपराखाली पाकोळ्यांची पाच घरटी आहेत, पाहिलीत का?" मी बारा वर्षं त्या छपराखाली बसत होते आणि मला एकही माहीत नव्हतं. त्या आठवड्याच्या रविवारी मी त्यांच्यासोबत चामटोलीला गेले.

तिथं उल्हासनगरच्या एका कापडवाल्या शेठची मोठी वाडी आहे. आंबा, भातखाचरं, आणि ओढ्याच्या कडेला उघड्या माळाचा एक पट्टा. भाऊ दर रविवारी तिथले पक्षी मोजत. पगार नाही, प्रवासखर्च नाही, आणि चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. त्यांचा जीव अडकला होता त्या पट्ट्यात, कारण तिथं टिटव्या जमिनीवरच अंडी घालत आणि पावसाआधीच्या नांगरटीत ती सगळी जात. वाडी सांभाळणारा बाळाराम म्हणायचा, टिटवी वरडली का घरात काहीतरी वाईट होतं. भाऊ म्हणायचे, "अरे, ती तिच्या पोरांसाठी ओरडते. आपल्यासाठी कशाला ओरडेल?"

शेवटी शेठ एका वर्षापुरता तयार झाला. पट्टा नांगरत नाही, म्हणाला, पण पिल्लं चालताना दाखवा, तरच पुढं बघू.

आणि मग मी माती खाल्ली. बाळारामची गुरं अंड्यांवर पाय देतील म्हणून मी सुचवलं की प्रत्येक घरट्याशी चुन्यानं रंगवलेला दगड ठेवू. केवढा अभिमान वाटला होता मला त्या दगडांचा! सात घरटी, सात पांढरे दगड. पंधरा दिवसांत एक अंडं उरलं नाही. त्यातल्याच एका सकाळी भाऊ आंब्याखाली पाहत बसून राहिले. एक कावळा टिटव्यांना अंगावर घेऊन लांब गेला, दुसरा सरळ पांढऱ्या दगडावर उतरला, इकडं तिकडं पाहिलं आणि चालत अंड्यांपाशी गेला. आम्ही कावळ्यांना दुकानाची पाटीच लावून दिली होती.

ओढ्यापलीकडे दुसऱ्याच्या शेतात तीन पिल्लं धावत होती. मी म्हटलं, भाऊ, हीच आपली म्हणून लिहू, शेठ काय ओढा ओलांडून बघायला येणार आहे? ते म्हणाले, "ताई, तसं लिहिलं तर पुढच्या वर्षी आपण परत दगडच ठेवू."

मला राग आला. चूक माझी होती, म्हणून जास्तच आला. दोन रविवार मी गेलेच नाही. भाऊ एकटेच शेठच्या दुकानात जाऊन सगळं सांगून आले, तेही "आम्ही चुकलो" असं. माझं नाव घेतलं नाही. शेठ म्हणे हसत सुटला: "भालेराव, तू कभी धंदा मत करना, एक दिवसात डुबशील." मग त्यानं अर्धा पट्टा नांगरला आणि अर्धा सोडला. मला वाटलं, खरेपणाची ही किंमत? भाऊंना मात्र अर्धा मिळाल्याचाच आनंद.

तेव्हापासून शेतात खूण करायची नाही असं ठरलं. भाऊ विहिरीच्या कट्ट्याला पाठ लावून पावलं मोजत घरट्यापर्यंत जायचे, आकडा मोठ्यानं सांगायचे, मी बांधावरून वहीत लिहायचे. पुढच्याच वर्षी पिल्लं चालली. लांब पायांवर कापसाचे गोळे. शेठलाही दाखवली. तो उन्हात अर्धा तास उभा राहिला आणि दुकानाची घाई विसरला.

यंदा एक जोडी नेमकी नांगरायच्या अर्ध्यात बसली. भाऊंनी ती गुरुवारी एकट्यानं शोधली, आणि शुक्रवारी दम लागून दवाखान्यात दाखल झाले. शनिवारी मी गेले तर नाकावरची नळी बाजूला करून म्हणाले, "कट्ट्यापासून ताडाकडं तोंड करून बावीस. मग डावीकडं नऊ. सोमवारी ट्रॅक्टर आहे." सुजाता रागावली. मीही रागावले, आधी बरे व्हा म्हटलं. नीट निरोपसुद्धा घेतला नाही...

रविवारी दुपारी आम्ही त्यांना पोचवून आलो. सोमवारी सकाळी मी वाडीवर होते. बाळारामनं ट्रॅक्टर थांबवून ठेवला होता. मी बावीस पावलं गेले, डावीकडं नऊ गेले. नुसती ढेकळं. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, म्हणजे जवळच होतं, आणि पुढचं पाऊल अंड्यांवरच पडेल या भीतीनं मला हलवेना. ताडाकडं तोंड करून परत मोजलं. तेच. मग लक्षात आलं. मी ताडमाड बाई, ढांगा टाकत चालते. भाऊ माझ्या खांद्याएवढे. पाऊल टाकायचं, खाली बघायचं, मग दुसरं टाकायचं, अशी त्यांची चाल.

मी कट्ट्यापाशी परत गेले आणि भाऊंसारखी चालले. आखूड पाऊल, खाली नजर, आखूड पाऊल. डावीकडच्या नवव्या पावलापासून वीतभर पुढं चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. एकाला आतून बारीक चीर गेली होती.

बाळारामनं ट्रॅक्टर लांबून वळवला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाय, मला वाटला भाऊच चाललंत." दोन दिवस न आलेलं रडू मला तेव्हा आलं, भर उन्हात, ढेकळांत बसून.

पिल्लं चालली. आता रविवारचे आकडे मीच सांगते आणि सुजाता लिहिते. सगळे आकडे भाऊंच्या पावलांतले आहेत.