अध्यक्षपदाची सूचना

सभा कशी घ्यायची यावरून घर मोडायची वेळ आलेली मी एकदाच पाहिली. घर उज्वलाचं, माझ्या शेजारचं.

उज्वला शाळेत क्लार्क आणि आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या समितीची चिटणीस. समितीचे अध्यक्ष तिचे सासरे, सहादूदादा, अकरा वर्षं झाली तरी तेच; ती त्यांना मामा म्हणते. विहाराच्या वरच्या खोलीत मुली पोलीस भरतीचा, नर्सिंगचा अभ्यास करत. घरोघरी दोन खोल्यांत सहा माणसं, पोरी दुसरीकडे बसणार कुठे? दादांना मात्र तिथे समितीचं कार्यालय हवं होतं. निर्णय जाहीर सभेत व्हायचा होता, आणि सभा आखायचं काम उज्वलाच्या गळ्यात पडलं.

आठवडाभर तिला झोप नव्हती. “परिसंवाद ठेवला तर पाच पुरुष बोलणार आणि बायका स्वयंपाकाला उठून जाणार,” ती मला म्हणाली. “चिठ्ठ्यांवर प्रश्न घेतले तर मामा हवी तीच चिठ्ठी वाचतात. गटचर्चा गेल्या वर्षी केली, तर प्रत्येक गटातर्फे पुरुषच उठले.” मग जरा थांबून म्हणाली, “काका, अध्यक्षांनंतर कोणी बोलत नाही ना आपल्यात? मग या सभेला अध्यक्षच बदलते. लताबाई.”

लताबाई दवाखान्यात सफाईचं काम करतात. त्यांची नात साक्षी त्याच खोलीत अभ्यास करायची. ठरलं असं की सूचना उज्वलाने मांडायची आणि अनुमोदन मी द्यायचं. मी छाती ठोकून हो म्हणालो. बोलायला काय जातंय!

रविवारी सकाळी वंदना झाली. सवयीप्रमाणे दादा मधल्या खुर्चीकडे निघाले, तेवढ्यात उज्वला माइकवर म्हणाली, “आजच्या सभेचं अध्यक्षस्थान लताबाईंनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडते.”

दादा जागीच थांबले. उज्वलाने माझ्याकडे पाहिलं. दादांनीही पाहिलं. चाळीस वर्षांची ओळख, रोजचा शेजार. मी खाली बघून सतरंजीचे धागे उपसत बसलो. तिचा नवरा राकेश मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला. अनुमोदन नाही म्हणजे सूचना बारगळली.

“माझं अनुमोदन हाय.”

बोलल्या होत्या वत्सलाबाई, दादांची बायको. या बाईचा आवाज सभेत कोणी कधी ऐकला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दादा अर्धा तास बोलले, आणि चांगलं बोलले. त्यांच्यामागून आणखी चौघे बोलले. कार्यालयाचं पारडं जड होत चाललं. शेवटी लताबाई उठल्या.

“मला भाषण येत नाय. वर अभ्यासाला बसतात त्या पोरींनी उभं राहा.”

एकोणीस मुली उभ्या राहिल्या.

“आता ह्यांना कोणाच्या घरी बसवू, सांगा. हाय का जागा?” त्यांनी पुरुषांच्या रांगेवरून नजर फिरवली. “मग खोली पोरींचीच.”

टाळ्या वाजल्या. दादा लालबुंद होऊन उठले आणि त्यांनी माइकसाठी हात पुढे केला. उज्वलाने माइक छातीशी धरला.

“मामा, अध्यक्षांचं बोलून झालंय.”

आता हे तिला सगळ्यांसमोर फाडून खाणार, असंच मला वाटलं. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग साक्षीकडे वळले.

“किती वाजता लागते गं तुम्हाला खोली?”

“पाचला, आजोबा. तुम्ही नऊला उघडता. तोपर्यंत आम्ही जिन्यात बसतो.”

“जिन्यात?” दादांनी विचारलं. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, साक्षीच्या हातावर ठेवली आणि चपला घालून एकटेच घरी निघाले.

माइक चालूच होता. उज्वला रडली, ते कॉलनीभर ऐकू गेलं.