पाटावरची मोकळी जागा

बोदलकशाजवळ मामाच्या गावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती. रात्री नाटक, म्हणून वादक दुपारीच मंडपात सामान लावत होते. त्यांतला गिटारवाला पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा. त्यानं पिशवीतून चक्क जेवायला बसायचा लाकडी पाट काढला. पेडलं बसवायचा बाजारातला बोर्ड महाग, हा घरचा. पायानं दाबून गिटारचा आवाज बदलणारी तीन पेडलं त्यावर पट्ट्यांनी घट्ट बसवलेली, वायरी पाटाखालून नेलेल्या. चौथ्या पेडलाएवढी जागा मात्र मोकळी.

चप्पल काढून, पाटाला हात लावून तो उभा राहिला. नाटकातली गाणारी बाई शेजारी आली आणि तालीम सुरू झाली. दर ओळीच्या शेवटी त्याचा पाय त्या मोकळ्या जागेवर अलगद दाबला जाई.

गाणं थांबल्यावर मला राहवलं नाही. "तिथं तर काहीच नाही. मग दाबता कायले?"

"आवाज घुमवणारं पेडल बसवाचं आहे तिथं," तो तारा पुसत म्हणाला. "सध्या जमून नाही राहिलं. पण पायाले आतापासून सवय लावून राहिलो जी. ते आलं का मंग पाय चुकाचा नाही."

बाई हसली. "मी कंपनीत आली तेव्हापासून सवयच लावून राहिले हे!"

गाणं पुन्हा सुरू झालं. ओळ संपली, त्याचा पाय मोकळ्या लाकडावर टेकला आणि ती थांबली. न घुमलेला आवाज विरेपर्यंत थांबली. मगच तिनं पुढची ओळ उचलली.