लव्हाळा आणि दोन फटके

शुद्धलेखन चुकलं असेल त्याची माफी, आणि अक्षर तर कुत्र्यामांजराचे पाय आहेत, त्याचीही माफी. चौथीनंतर हातात पेन कमी आणि खुरपं जास्त आलं. तसं हे कुणी वाचणार नाही, पिठाच्या डब्यामागे ठेवणार आहे. तरी आधी माफी मागितली की मला बरं वाटतं. बसमध्ये ‘थांबवा’ म्हणायची लाज वाटते म्हणून एक थांबा पुढे उतरून मागे चालत येणारी मी बाई आहे.

देहूरोडच्या बाजूला एक गोल्फचं मैदान आहे. तिथे मी कित्येक वर्षं निंदणीला होते. चांगल्या गवतातलं वाईट गवत उपटायचं काम. मैदानाचं खरं दुखणं म्हणजे लव्हाळा. वरून ओढला तर खाली गाठ राहते आणि तो दुपटीने वर येतो. गाठीसकट काढायची बोटांना सवय लागावी लागते. माझ्या बोटांना ती इतकी लागली होती की संत तुकाराम नगरात नणंदेकडे पाहुणी म्हणून गेले तरी चहा होईपर्यंत तिच्या कुंड्या साफ व्हायच्या.

एक दिवस मुकादम म्हणाला, आता गवताला यंत्र येणार, निंदणाऱ्या निम्म्या बायका कमी होणार. पण कॅडी कमी पडतायत. खेळणाऱ्या साहेबांची ट्रॉली ओढायची, बॉल कुठे पडला त्यावर नजर ठेवायची, हे काम आता बायकांनाही मिळेल. अट एकच, खेळाच्या नियमांची परीक्षा द्यायची. मैदानाचे मोठे साहेब, लष्करातून निवृत्त झालेले, स्वतः घेणार, आणि तोंडी घेणार.

तोंडी म्हटल्यावरच माझं तोंड सुकलं. पण चाकणला आमच्या ह्यांच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला होता. माझंही काम गेलं असतं तर घर चालणं अवघड होतं. नाव दिलं.

कॅडीचे बूट आणि पँट-शर्ट आपले आपण घ्यायचे होते. त्यासाठी मी भिशीतून पैसे उचलले. भिशी चाळीत समोर राहणाऱ्या मावशीची. मावशी इथल्याच जुन्या गावातली. चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जाते, आणि भाव पाडून मागणारे व्यापारी तिचा आवाज ऐकून वाट बदलतात. पैसे देताना भिशीच्या सगळ्या बायकांसमोर तिने सांगून टाकलं, “नापास झालीस तर बूट माझं.”

तुमच्या पायात येणार नाहीत, असं मी हळूच म्हणाले.

“फुडनं कापीन की,” मावशी म्हणाली.

साहेबांनी नियम मराठीत बोलून आम्हा बायकांच्या मोबाइलवर पाठवले होते. मी दार उघडं ठेवून भाकरी थापायचे आणि साहेबांचा आवाज चालू ठेवायचे. समोर मावशी लसूण सोलत ऐकायची. चार दिवसांत नियम माझ्याआधी तिलाच पाठ झाले आणि तिने माझी तयारी घ्यायला सुरुवात केली. बाजारातून पिशवीभर गोलटी आणली. गोलटी म्हणजे अगदी लहान कांदा, गोल्फच्या बॉलएवढाच. चाळीच्या गॅलरीचं मैदान झालं. पाण्याचं पिंप म्हणजे तळं, पायपुसणं म्हणजे वाळूचा खड्डा. मावशी गोलटी भिरकवायची आणि कमरेवर हात ठेवून विचारायची, “बोल, आता काय?”

काही नियम तिला मान्य नव्हते. हरवलेला बॉल तीनच मिनिटं शोधायचा, हे ऐकून ती साहेबांवर चिडली. माझा चष्मा दोन दिवस सापडत नव्हता तर मी काय तिसऱ्या मिनिटाला सोडून द्यायचा होता, असं तिने मोबाइललाच विचारलं. उचललेला बॉल पुन्हा टाकायचा तर गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा, याला तिची हरकत होती. एवढं वाकल्यावर गुडघा दुखतो, तिथून काही टाकायला लावू नये.

पण तिचा सगळ्यात मोठा वाद शेवटच्या फटक्यावरून. खेळाचे दोन प्रकार असतात. एकास एक खेळताना बॉल होलच्या तोंडाशी आला तर समोरचा म्हणू शकतो, राहू दे, गेला असं धरू. पण सगळे सगळ्यांशी खेळत असतील तर बोटभर अंतर राहिलं तरी फटका मारून बॉल आत घालायचाच. कुणी सोडू शकत नाही. बोटभरासाठी कुणाला अडवायचं म्हणजे माणुसकीच न्हाई, असं मावशीचं म्हणणं.

“साहेबांचा नियम आहे, माझा नाही,” मी म्हणायचे. मावशीशी बोलताना माझं तोंड बरोबर चालायचं.

परीक्षेच्या दिवशी मात्र ते घरीच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली होती. सगळं मैदान माझ्या पायांकडे बघतंय असं वाटत होतं. साहेब झाडाखाली खुर्चीत, बाजूला मुकादम, मागे बाकीच्या बायका. साहेबांनी विचारलं, बॉल किती वेळ शोधायचा. मी तीन बोटं दाखवली. मग विचारलं, बॉल पुन्हा टाकायचा कसा. मी बॉल घेतला, वाकले आणि गुडघ्यापासून सोडला. साहेबांनी मुकादमाला विचारलं, बाईंचं मौनव्रत आहे का. मागे बायका फिदीफिदी हसल्या. मला माझे बूट मावशीच्या पायात, पुढून कापलेले दिसायला लागले.

साहेब उठले. एक बॉल वाढलेल्या गवतात टाकला आणि म्हणाले, मी खेळणारा, तू माझी कॅडी. आता बॉलजवळचं काय हलवता येतं ते हलव.

हे मला येत होतं. वाळलेलं पान, मोडकी काडी, म्हणजे सुटं पडलेलं काहीही काढायला चालतं, फक्त बॉल हलता कामा नये. मी पान उचललं. काडी उचलली. बॉल जागचा हलला नाही. साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात मला बॉलच्या मागे, अगदी चिकटून, तो दिसला.

माझ्या डोक्याला काही कळायच्या आत हात गेला होता. लव्हाळा गाठीसकट वर आला, एकदम छान. साडी असती तर ओटीत टाकला असता आणि कुणाला दिसलंही नसतं. पँटला ओटी नसते. मी मूठ मिटून उभी राहिले आणि मुठीतून माती गळत राहिली.

“मुठीत काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“लव्हाळा.” दिवसभरातला माझा पहिला शब्द.

“का उपटला?”

“लव्हाळा होता म्हणून.”

मुकादमाने कपाळाला हात लावला. साहेबांनी विचारलं, मग आता काय? आणि मावशीने कमरेवर हात ठेवून विचारावं तसंच ते विचारणं होतं म्हणून की काय, माझ्या तोंडून आपोआप निघालं, “उगवलेलं उपटायचं नसतं. दोन फटके दंड.”

“कुणाला, तुला?”

“नाही साहेब. तुम्हाला.”

“उपटलास तू आणि दंड मला?”

“कॅडीनं केलं ते साहेबानंच केलं असं धरतात,” मी म्हणाले, आणि बोलतेच आहे तर सगळंच सांगून टाकावं म्हणून पुढे म्हणाले, “तुम्हीच मोबाइलवर सांगितलंय.”

साहेब एवढे हसले की त्यांना पुन्हा खुर्चीत बसावं लागलं. नंतर त्यांनी मला आणखी बरंच विचारलं. एकदा सुटलेलं तोंड थांबलं नाही. दोन उत्तरं चुकली, पण ठणकावून चुकली. शेवटी साहेब मुकादमाला म्हणाले, हिला बिल्ला द्या, पण एक हात ट्रॉलीला आणि दुसरा पाठीमागे. अजूनही मी तशीच चालते. लव्हाळा दिसला की मागचा हात नुसता खाजतो.

मावशीला आनंद झाला, पण बुटांकडे ती जरा वेळ बघत राहिली.

भिशीचे पैसे मी थोडे थोडे करून फेडत आणले. परवा शेवटचे दहा रुपये उरले होते. मी नोट घेऊन गेले तर मावशी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “ऱ्हाऊ दे. आता आपुन दोघीच हाय, एकास एक. होलच्या तोंडाशी आलाय, गेला असं धरलं.”

“पैसे भिशीचे आहेत, मावशी,” मी म्हणाले. “भिशीत सगळ्याजणी आहेत.”

मावशीचं लसूण सोलणं थांबलं. तिने जरा विचार केला, साहेबांना एक शिवी घातली, आणि भिशीचा डबा माझ्यापुढे सरकवून झाकण काढलं. मी गुडघ्याच्या उंचीवरून नोट सोडली. ती आत पडली.