डावा पाय

संध्याकाळी कोल्हापूरच्या मैदानालगत चहा पिताना आमच्या जुन्या कॉलेज टीममधले दोघं पुन्हा त्याच वादावर आले. फुटबॉलमध्ये आपला खरा वैरी कुठलं कॉलेज?

"नदीपलीकडचं!" म्हणत बापूनं पँट वर करून नडगीवरचा व्रण दाखवला.

"खुळा हाईस काय? शेजारचं!" म्हणत दिन्यानं आपली वाकडी करंगळी पुढं केली.

मला गंमत वाटली. ज्यांना आम्ही सहज हरवलं, त्यांचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. ज्यांनी रडवलं, तेच इतकी वर्षं आमच्या चहाला सोबत करतात.

शेजारच्या कॉलेजचा एक बॅक मला उजवीकडून कधीच पुढं जाऊ द्यायचा नाही. चिडून मी रोज भिंतीवर बॉल मारत डावा पाय तयार केला. एवढी मेहनत माझ्याकडून कुठल्या कोचनंही करून घेतली नाही. तो बॅक कुठं असेल तिथं सुखात असो.

"तू सांग की रे," बापू मला म्हणाला. तेवढ्यात मैदानातून बॉल घरंगळत आला. मी कप ठेवून तो परत मारला.

दिन्या टाळी देत हसला, "शेजारचंच! बघ, अजून डाव्यानं मारतोय."