आखाजीचा एकच मांडा

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खापर घासताना ते माझ्या हातातच फुटलं. उलटं घालून त्यावर मांडे भाजायचं मातीचं खापर, माझ्या लग्नापासूनचं. त्याच्या धारेने उजव्या तळहातावर, मधल्या दोन बोटांच्या बुडाशी असा काप घेतला, की रक्त थांबलं तरी करंगळीशेजारचं बोट काही वाकेना. धुळ्याला नेऊन ऑपरेशन झालं. टाके पडले, आता सुटले, असं मला वाटलं.

सुटका कसली? आठवड्याने मला हाताचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमपुढे बसवलं. माझ्या मुलीच्या वयाची, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिने हातावर प्लॅस्टिकची स्प्लिंट चढवली, मनगट आणि बोटं आत झुकलेली राहतील अशी. म्हणाली, "काकू, टाके नुसत्या कातडीला नाहीत. बोट ओढणारी आतली दोरी शिवली आहे. बोट हलवलंच नाहीत तर ती आतल्या आत चिकटेल. जोर लावलात किंवा बोटं मागे ताणलीत तर तुटेल." दर तासाला दहा वेळा डाव्या हाताने बोटं वाकवायची आणि स्प्लिंटला टेकतील एवढीच परत सोडायची, असं तिने शिकवलं.

आता सांगा, माणसाने करायचं काय? हलवलं तरी भीती, नाही हलवलं तरी भीती. मी दहाऐवजी चारदा वाकवायची, तेही अर्धवट, आणि तिने विचारलं की "करते ना" म्हणायची. तोंडाला कुठे टाके होते!

पाचव्या आठवड्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात आणि लेकी आल्या की मांडे व्हायलाच हवेत. मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि तसाच खापरावर टाकायचा. मनगट मागे, बोटं ताठ. मॅडमने जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं एका मांड्यात येतं. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही, की सुचू द्यायची नव्हती, देव जाणे.

नवीन खापरावर जावेचे तीन मांडे ओळीने फाटले. नणंदा हसायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, औंदा पोयाच करा." त्या सहज बोलल्या, पण मी लगेच पुढचा हिशेब मांडला. यंदा पोळ्या झाल्या की पुढच्या वर्षीही पोळ्याच होणार, आणि मग या घरात माझा हात कशाला लागणार? मी मागच्या खोलीत जाऊन स्प्लिंट सोडली. एकच करायचा, असं मनाशी ठरवलं.

मांडा सुरेख झाला. खापरावर टाकताना तळहातात 'टक' झालं.

दुखलं नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरले. हात पदराखाली घेतला. सासूबाईंनी विचारलं, "काय व्हयनं तुले?" मी म्हटलं, "काही नाही, चटका बसला." स्प्लिंट पुन्हा बांधली. त्यानंतर तीन दिवस मी बोट हलवून पाहिलं नाही. पाहिलं नाही तोवर ते तुटलेलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली होती. चौथ्या दिवशी मॅडमला दाखवायला आमच्या शिंदखेड्याहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत हात मांडीवर धरून बसले होते, आणि गाडी आदळली की माझा जीव बोटात जात होता.

मॅडमने विचारलं, "मधे काही केलंत?"

"नाही."

तिने स्प्लिंटच्या पट्ट्यात अडकलेलं वाळकं पुरण नखाने काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. मग मी सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. फक्त बोट मधल्या सांध्यापाशी धरलं आणि म्हणाली, "टोकाचं पेर वाकवा."

काहीच हललं नाही.

"काकू, तुम्ही प्रयत्नच करत नाही आहात."

खरं होतं. मी विचारलं, "तुटली असली तर?"

"तर आज कळेल. आज कळलं तर काहीतरी करता येईल. तुम्ही आणखी महिनाभर लपवलंत तर मलाही काही करता येणार नाही."

मी डोळे मिटले आणि वाकवलं.

"हललं?" मी विचारलं.

"तुम्हीच बघा."

डोळे उघडायला मला केवढा वेळ लागला. बोटाचं टोक गव्हाच्या दाण्याएवढं आत आलं होतं. मी तिथेच रडायला लागले. ती म्हणाली, आत चिकटलेलं काहीतरी सुटलं असेल, नशीब म्हणा, पण नशिबाला पुन्हा कामाला लावू नका. त्या दिवसापासून मी दहाचे दहा मोजून केले.

आता मांडे माझी जाऊ करते. तिचे फाटत नाहीत. मी शेजारी बसून पुरण भरून देते, बोट जवळजवळ पूर्ण वाकतं. पण घरात कुणी दिव्याचं बटण दाबलं आणि 'टक' झालं, की हातातलं सगळं टाकून मी आधी ते बोट वाकवून बघते.