मिटल्या डोळ्यांचा नाग

आमच्या मामेसासऱ्यांइतका वाकडा माणूस अख्ख्या भिवंडीत दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी खूश होऊन मला चहा पाजला असता. सरळ रेघ देवाने काढलीच नाही, ती सरकारने काढली, असं त्यांचं ठाम मत होतं. नदी सरळ जात नाही, वेल सरळ चढत नाही, धूर सरळ उठत नाही, मग माणसालाच कसली घाई लागून राहिलीय? आणि जिथे म्हणून वळण आहे तिथे मामांना नाग दिसायचा. जिलबीत दिसायचा, जुन्या जिन्याच्या कठड्यात दिसायचा, बायकांच्या वेणीत दिसायचा, दंडातल्या वाकीत तर दिसायचाच. जिकडेतिकडे उभे-आडवे धागे खटाखट एकमेकांत घुसताहेत अशा या गावात, कापडाच्या धंद्यातच, हा गृहस्थ वळणाचा भक्त म्हणून कसा निपजला हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती बघण्याच्या कार्यक्रमात. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी टेमघरला राहणारा, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, या प्रश्नांची उत्तरं रात्रभर घोकून गेलो होतो. मुलीला वडील नव्हते, त्यामुळे सगळा शब्द मामांचा. मामांनी पगाराचं नावही काढलं नाही. पोह्यांची बशी बाजूला सारली, कागद-पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, नाग काढा. आता लग्नाच्या बाजारात असा पेपर कोणी काढतं का? मी घाम पुसत काहीतरी वेडंवाकडं काढलं. मामांनी कागद आडवा धरला, उभा धरला, उजेडात नेला. "गांडूळ हाय," ते म्हणाले, "पण मान ताठ हाय. पोरगी द्यायला हरकत न्हाय." तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि माझं लग्न ठरलं. बायको आजही भांडणात मला त्या गांडुळाची आठवण करून देते.

मामा मूळचे खारबावच्या बाजूचे. तिथली खाडी, बांध, भातशेती सोडून ऐन तारुण्यात निजामपुऱ्यात आले आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिले. खाली लूम सुरू झाले की वर कपबशा नाचायच्या. काम त्यांचं नक्षी काढायचं. भिवंडीत साध्या कापडाचं पीक, नक्षीवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातले हे एक. एवढेसे चौकोन असलेला आलेखाचा मोठा कागद पसरायचा आणि रंगीत पेन्सिलीने एकेक चौकोन भरत जायचा. मग त्या कागदावरच्या एकेका ओळीची एकेक पुठ्ठ्याची पट्टी व्हायची, पट्टीला भोकं पडायची, आणि भोकाप्रमाणे लूमवर धागे उचलले जाऊन साडीचा काठ विणला जायचा. मला हे सगळं त्यांनी एका बैठकीत समजावलं आणि वर विचारलं, की आता सांगा, या कापडात वळण कुठे आहे? मी काठावर बोट ठेवलं. मामा मनापासून हसले. भिंग दिलं हातात. पाहतो तो वळण नाहीच, नुसत्या पायऱ्या. चौकोनाला चौकोन लावून चढत गेलेल्या. "कापडाला वळता येत न्हाय, जावईबापू. ते बिचारं सरळच. वळण बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं," ते म्हणाले. मी कारकून माणूस, पण त्या दिवशी मला हा माणूस मोठा आहे हे कळलं, आणि ते मत मी पुढे कधी बदललं नाही.

विद्वत्ता तर अशी की ऐकणाऱ्याने हात टेकावेत. महादेवाच्या गळ्यात नाग का, विष्णूच्या अंथरुणाला नाग का, गणपतीने पोटाला नागच का बांधला, दोरी मिळत नव्हती का, यावर ते भाजी आणायला निघाले असताना तासभर बोलत, आणि भाजी राहून जाई. गावातल्या एका डॉक्टरच्या पाटीवर काठीला गुंडाळलेले दोन साप आणि वर पंख होते. मामांना ताप होता एकशे दोन. तशाही स्थितीत त्यांनी डॉक्टरला सांगितलं, की वैद्याच्या काठीला साप एकच असतो. दोन सापांची, पंखवाली काठी ही व्यापाऱ्यांच्या देवाची. वाचनालयातल्या पुस्तकात त्यांनी हे पाहिलं होतं. डॉक्टर हसला. पण फी सांगितल्यावर मामा म्हणाले, पाटी बरोबर आहे, बदलू नका.

ज्यांच्या लूमवर मामांची नक्षी विणली जायची त्या मालकांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. कोकणी मुसलमान, पांढरी दाढी, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. मामांना सहन करण्याची ताकद मामींनंतर कोणात असेल तर ती चाचांत. एकदा त्यांनी सहज सांगितलं, की आमच्यात मूसा पैगंबरांनी काठी जमिनीवर टाकली आणि तिचा साप झाला. मामा जागचे उठले, चाचांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, म्हणजे तुमच्यातही आहे! त्या आनंदात त्यांनी चाचांना काठी आणि साप यांचा एक काठ फुकट काढून दिला. तो काही विकला गेला नाही, ही गोष्ट वेगळी.

नागपंचमीला तर मामा चाचांच्या नाकी नऊ आणत. त्या दिवशी जमीन खणू नये, काही चिरू नये, कापू नये, सुई टोचू नये, हे आपल्याकडे घरोघर पाळतात. मामांनी त्यात पुठ्ठ्याला भोकं पाडू नयेत हे आपल्या पदरचं घातलं. ऐन सणाच्या ऑर्डरी तोंडावर असताना त्यांचा पंच बंद. चाचा कपाळावर हात मारून म्हणायचे, "अरे, पुठ्ठे के नीचे कौनसा नाग बैठा है?" पण त्या दिवशी ते लूम बंदच ठेवत, आणि संध्याकाळी मामींच्या हातच्या, हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या खायला न चुकता येत.

आता मामींबद्दल सांगितलं पाहिजे, कारण मामांच्या या सगळ्या थाटामाटात एक सल होता आणि तो मामींचाच होता. मामी सापाच्या नावाने चळचळ कापत. त्या सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्या पाठचा भाऊ खारबावच्या बांधावर त्यांच्यादेखत साप चावून गेला होता. घरातलं नागाचं चित्र भिंतीवरून उतरवा असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, पण केर काढताना तिकडे पाठ करत. नागपंचमीला त्या पूजा करायच्या ती डोळे मिटून. आणि मामांच्या काठात कुठे ना कुठे नाग असायचाच, म्हणून त्या काठाची साडी त्यांनी जन्मात नेसली नाही. मामा दर वर्षी एक साडी आणायचे, मामी ती कपाळाला लावायच्या आणि कुणा ना कुणा पोरीला देऊन टाकायच्या. माझ्या बायकोकडेच तशा चार आहेत. स्वतः मामी बाजारातून चौकड्यांची साडी आणायच्या. गावभर बायका ज्यांची नक्षी मिरवतात त्यांच्या घरात चौकडी! मामा वरवर हसत, पण एकदा माझ्यापाशी बोलून गेले, "सगळ्या भिवंडीला नेसवली. हिला एकदा नेसलेली बघायची हाय, बस." बाकी त्यांना आयुष्यात काही नको होतं, हे मी शपथेवर सांगतो.

पुढे चाचांच्या मुलाने नक्षी काढायला कॉम्प्युटर आणला. आठवड्याचं काम दुपारपर्यंत व्हायला लागलं. मामांनी तक्रार केली नाही. मशीनची रेघ पाहून ‘जिवंत न्हाय, पण स्वच्छ हाय’ एवढंच म्हणाले. चाचांनाच वाईट वाटलं. त्यांनी मामांना बोलावून सांगितलं, की जुना लूम भंगारात जायच्या आधी एक शेवटचा काठ काढ, मनाला येईल तो, कोणाची ऑर्डर नाही.

मामा मला घेऊन खारबावला गेले. ओहोटी होती. बांधावर बसून ते चिखलातून वळत गेलेल्या खाडीच्या पाण्याकडे बघत राहिले आणि वहीत रेघा काढत राहिले. मी कंटाळून विचारलं, तर म्हणाले, तिच्या माहेरची खाडी काढतोय, नाग नाही. पुढे तीन आठवडे आलेखाचा कागद भरत होते. हिरव्या काठावर पिवळी खाडी वळत वळत निघाली. मी पाहायला गेलो आणि मनात म्हटलं, ही कसली खाडी? तोच डौल, तीच मान, तोच नाग! मामांच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. त्यांचा नाग पुरा व्हायचा तो डोळ्याने. सगळं अंग भरत न्यायचं आणि डोक्यात एकच चौकोन मोकळा सोडायचा, तो डोळा. तेवढा एक चौकोन राहिला होता. मामा पेन्सिल धरून किती तरी वेळ बसले. मग त्यांनी तो चौकोनही भरून टाकला. जन्मभर डोळे उघडणाऱ्या माणसाने त्या दिवशी एक डोळा मिटला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाली खाडी."

साडी विणून आली, तीच नक्षी काठभर पुन्हा पुन्हा उतरलेली. मामींनी ती मांडीवर घेतली, काठावरून बोट फिरवत नेलं, डोक्यापाशी बोट थांबलं. मामी म्हणाल्या, रंग चांगला आहे. आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका भाचीच्या लग्नात त्या ती साडी नेसून आल्या. मामा मांडवात त्यांच्याशेजारून चालत होते, ताठ, नाकासमोर, एकदाही न वळता. चाचा माझ्या कानाशी लागून म्हणाले, आज हा माणूस सरळ झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी अक्षतांच्या धांदलीत पुसून घेतलं.

पुढच्या पावसाळ्याच्या आधीच मामा गेले. आजारी नव्हते, त्रास नव्हता, कागदावर मान टेकून झोपल्यासारखे गेले. अजूनही कुठे जिन्याचा वळणदार कठडा दिसला की मी हात फिरवून बघतो. एवढी आठवण येते त्या माणसाची.

त्यानंतरची पहिली नागपंचमी दुसऱ्या दिवसावर आली होती, तेव्हा मामींकडे गेलो. खिडकीपाशी त्या ती साडी पसरून बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी सुई-दोरा पुढे केला. म्हणाल्या, ओवून द्या, दिसत नाही, आणि उद्या सुईला हात लावायचा नाही. काळा दोरा होता. मी ओवून दिला. मामींनी काठाच्या एका डोक्यावर, बरोबर जागेवर, एकच टाका घातला आणि दोरा तोडला. मग बोटाने चाचपत पुढचं डोकं. पदरापासून निऱ्यांपर्यंत निम्मा काठ झाला होता. तिथवरच्या प्रत्येक नागाला डोळा आला होता.

मी विचारलं, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

"बघताक्षणी. त्यांनाबी म्हायती व्हतं, मला कळलंय ते," मामी म्हणाल्या. "माझ्यासाठी मिटून ठेवला व्हता त्यांनी." बोट काठावरून सरकत पुढच्या डोक्यावर थांबलं. हात जराही कापत नव्हता.

"आता बघू दे त्याला," त्या म्हणाल्या. "घरात मी एकटीच असते."