बाबांच्या गाडीचे दात

नवऱ्याने गोव्याहून जुनी स्पोर्ट एटीव्ही आणली ती बाबांसाठी, असं तो म्हणतो. लालभडक रंग, चार जाड चाकं, दोन्ही बाजूंना ज्वाळांची चित्रं आणि उड्या मारायलाच जन्माला आलेलं इंजिन. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला याहून योग्य वाहन ते कोणतं? इन्सुलीच्या नाक्यावर टेम्पोतली ती गाडी बघून कोणीतरी "कोणासाठी?" म्हणून विचारलं. हा म्हणाला, "बापासाठी." विचारणारा बराच वेळ हसत होता म्हणे.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं सगळं आयुष्य रापणीत गेलं. होडीने समुद्रात जाळं फिरवून टाकायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसांनी किनाऱ्यावरून ओढायच्या, ती रापण. आमच्या घरापासून किनाऱ्याच्या पुळणीपर्यंतची वाट सगळी भुसभुशीत वाळूची. डांबरी रस्त्यावर बाबा काठी टेकत छान चालतात, पण वाळूत आधी काठी रुतते आणि मग बाबा. त्यामुळे गेला पावसाळा संपल्यापासून ते रापणीवर गेलेच नव्हते. घरापुढच्या खळ्यात बसून वाऱ्यावरून येणाऱ्या आरोळ्या ऐकायचे आणि "आज दोरी ढिली वडतत" असा निकाल तिथूनच द्यायचे. हळूहळू तेही बंद झालं. जेवण कमी झालं, मग माझ्याशी भांडणंही कमी झाली. भांडणं कमी झाली तेव्हा मात्र मी घाबरले.

गाडीवर एकाच माणसाची जागा. म्हणून बाबांनी चालवायची आणि नवऱ्याने बाजूने चालायचं असं ठरलं. होडीचं इंजिन हाताळलेल्या माणसाला क्लच-थ्रॉटलचं काय कौतुक! पण ही गाडी पहिल्या गिअरमध्येसुद्धा चालायला तयार नव्हती, तिला धावायचंच होतं. बाबांनी क्लच सोडला मात्र, ती उसळली आणि सरळ माडाच्या आळ्यात जाऊन बसली. नवरा ओरडत मागून धावला. बाबांना काही झालं नव्हतं. आळ्यात बसल्या बसल्या ते म्हणाले, "इंजिन बरा आसा."

आता गाडीला शहाणपण शिकवणं आलं. माझं माहेर कसालचं, हायवेवरचं. माझ्या भावांनी बाइकच्या चेनचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारी दातेरी चाकं, इतक्या वेळा बदलले की ते ज्ञान मला जेवताना फुकट मिळालं. मागच्या स्प्रॉकेटचे दात वाढवले की ताकद वाढते आणि वेग कमी होतो. पुढच्याचे दात कमी केले तरी तेच होतं, आणि पुढचा एक दात काढणं म्हणजे मागे साधारण तीन घालण्यासारखं. भावांना वेग हवा असायचा, म्हणून ते नेमकं उलटं करायचे. आम्हाला माणसाच्या चालीने चालणारी गाडी हवी होती.

म्हणजे मला हवी होती. नवरा म्हणाला, "पुढचो एकच दात कमी करूया. पुरे झालो."

"गाडी कोणासाठी हाडल्यात?" मी विचारलं.

"बाबांसाठी."

"मगे रविवारी उडये कोण मारतलो? बाबा?"

त्यावर त्याला अचानक माडांना पाणी घालायचं आठवलं. 

कुडाळच्या मेकॅनिकने दोन्ही बाजू सांगितल्या. पुढचा फार लहान घेतला तर चेन जास्त वळते आणि लवकर झिजते, मागचा फार मोठा घेतला तर दगडांना लागायची भीती. आमच्या वाटेत दगड नाहीत आणि बाबा काही शर्यत लावणार नाहीत. शेवटी पुढचे चौदाचे बारा केले, मागचे अडतीसचे बेचाळीस, आणि चेन तेवढी वाढवून घेतली. नवऱ्याचा चेहरा लग्नातला मानपान चुकल्यासारखा झाला होता.

बाबांनी मागच्या नवीन स्प्रॉकेटवर हात फिरवून तो चारी बाजूंनी पाहिला आणि कितीतरी दिवसांनी खूश झाले. "मागे मोठो घातलास, ह्या बरा केलास. होडयेक मोठो पंखो लावलो काय होडी कशी पळता!"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. होडीचं शास्त्र आणि चेनचं शास्त्र यांचं गोत्र वेगळं, हे सांगायला हवं होतं. मी चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बाबा गाडीवर, बाजूने नवरा, मागून मी. गाडी वाळूत न रुतता, न उसळता, घुर्रघुर्र करत अशी शहाण्यासारखी निघाली की मला भरून आलं. तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक मासेवाली मागून आली, आमच्या पुढे गेली आणि वळून म्हणाली, "गाडी बंद पडली काय ओ?"

बाबांनी थ्रॉटल सोडला. "मेल्या, फसयलंस माका! ह्या पळना नाय ता नाय, बायलमाणसा फुडे जातत. लोक हसतले. फिरव गाडी."

मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. आता हा माणूस खळ्यात जाऊन बसला की पुन्हा उठणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. 

आणि सुरूच्या बनापलीकडून आरोळी आली. दोरी ओढायला सुरुवात झाली होती. बाबांनी मान वर करून ऐकलं. "गो बाय," ते मला म्हणाले, "डायेकडची दोरी मागे पडता. थंय कोण नाय वाटता." आणि कोणाचीही वाट न बघता त्यांनी थ्रॉटल दाबला.

शेवटचा चढ सगळा सैल वाळूचा. गाडी तो तसाच, त्याच चालीने चढली. खाली पुळणीवर कोणी कौतुक केलं नाही की तब्येत विचारली नाही. डावीकडच्या टोळीतला एक जण दोरीचं टोक घेऊन आला आणि म्हणाला, "बसल्यात कित्याक? धरा." बाबांनी गाडीवर बसूनच दोरी धरली आणि लगेच पुढच्यांना शिव्या घालायला घेतल्या.

दोरीला हात लावेल त्याला वाटा, हा रापणीचा नियम. इतके महिने आमच्याकडे मासे येत होतेच. शेजारपाजारचे प्रेमाने आणून द्यायचे आणि बाबा ते मुकाट्याने खायचे. त्या दिवशी वाळूवर वाटे पडले तेव्हा एक वाटा बाबांच्या पुढ्यात पडला. पेडवे आणि थोडे बांगडे, इतरांइतकेच.

येताना मी म्हटलं, पिशवी माझ्याकडे द्या. दिली नाही. मांडीवर घेऊन बसले. माशांच्या पाण्याने लेंगा भिजला तरी हलवली नाही. गाडी इतकी सावकाश चालली होती की वाटेतल्या कुणालाच चुकवता येत नव्हतं, आणि बाबा प्रत्येकाला, न विचारताच, सांगत होते, "रापणीक गेल्लंय."